ताप आला, तर शाळा सुटण्याची वाट पाहू नका

पावसाळ्यात आपल्या शाळेच्या कोणत्याही वर्गात डोकवावे, दोन-चार मुले शिंकताना-खोकताना दिसतातच. सकाळी आई कपाळाला हात लावून पाहते, तापाची अर्धी गोळी देते आणि म्हणते, "जा शाळेत, दुपारपर्यंत उतरेल." बहुतेक वेळा उतरतोही. त्यामुळे साध्या तापाचे आपल्याला फारसे काही वाटत नाही. परंतु ज्या मुलाची केमोथेरपी चालू आहे, त्याच्या बाबतीत ही सवय घातक ठरू शकते. हे आम्ही पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी आपला एक विद्यार्थी रक्ताच्या कर्करोगावरील उपचार चालू असतानाच पुन्हा वर्गात येऊ लागला. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर हसू. सगळ्यांना आनंद झाला. एके दिवशी तिसऱ्या तासाला तो म्हणाला, "सर, अंग गरम लागतंय." आम्ही कार्यालयातील डब्यातून तापाची गोळी दिली आणि त्याला बाकावर आडवे होऊ दिले. ताप उतरला, आम्ही निर्धास्त झालो. शाळा सुटल्यावर आई न्यायला आली, तेव्हा तो थंडीने कुडकुडत होता. त्याच रात्री त्याला दवाखान्यात भरती करावे लागले. दहा दिवसांनी तो सुखरूप घरी आला. पण डॉक्टरांनी आईला पहिला प्रश्न विचारला होता, "ताप किती वाजता आला?" त्याचे उत्तर फक्त आम्हाला माहीत होते. चार तास आम्ही वाया घालवले होते.

असे का होते, ते विद्यार्थी मित्रांनो, समजून घ्या. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांतील न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडतात. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात कर्करोगाच्या पेशी मरतात, तशाच अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या या पहारेकरी पेशीही मरतात. पुष्कळ औषधांनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत त्यांची संख्या सर्वांत खाली जाते. घरचे लोक म्हणतात, "काउंट पडला."

हा काउंट काढणे हे सहावीचे शेकडेवारीचे गणित आहे. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी १८०० आणि त्यांत न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर न्यूट्रोफिल झाले ३६०. निरोगी मुलात ते सहसा दीड हजाराच्या वर असतात. ५०० च्या खाली गेले की धोका फार वाढतो. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच दाखवून दिले होते, की हा आकडा जितका खाली आणि जितके जास्त दिवस खाली, तितका जंतुसंसर्गाचा धोका मोठा.

त्यात आणखी एक फसगत आहे. पू होणे, लाली येणे, सूज येणे ही लक्षणे पांढऱ्या पेशींमुळेच दिसतात. पेशीच नसतील तर जखम शांत दिसते आणि जंतू मात्र रक्तात पसरत असतात. अशा वेळी ताप हीच एकमेव हाक असते. आपण गोळी देऊन ती हाकच बंद करतो. म्हणून थर्मामीटरवर एकदाच १०१ अंश फॅरेनहाइट दिसले, किंवा १००.४ अंश तासभर टिकले, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी न देता थेट दवाखाना गाठायचा. तेथे पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. रिपोर्टची वाट पाहत बसायचे नसते.

आता आपल्या उधन्याचा प्रश्न. आपल्याकडील पुष्कळ मुलांवर मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार होतात. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयावर आपल्या लोकांचा मोठा विश्वास आहे आणि तो योग्यच आहे. १९८० च्या दशकात टाटा, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी एमसीपी-८४१ ही एकच उपचारपद्धती स्वीकारली आणि बरी होणारी मुले पुष्कळ वाढली. तेव्हाही डॉक्टरांची मोठी झुंज जंतुसंसर्गाशी होती.

पण परळ येथून सुमारे २६० किलोमीटरवर आहे. रात्री ताप आला की घाबरलेले आईवडील मुलाला घेऊन मुंबईची गाडी पकडायला धावतात. सुट्टीत नंदुरबार, दोंडाईचा किंवा अमळनेरकडे गावी गेलेले असले, तर अंतर आणखी वाढते. सप्टेंबर १९९४ ची प्लेगची साथ जुन्या मंडळींना आठवत असेल. वेळेवर घेतलेल्या टेट्रासायक्लिनने रुग्ण बरे होत होते आणि लाखो माणसे मात्र मिळेल त्या गाडीने शहर सोडून चालली होती. ती चूक पुन्हा नको. पहिला डोस जवळच्या रुग्णालयात, मुंबईच्या डॉक्टरांना फोन लगेच, आणि प्रवास त्यांनी सांगितल्यावर. नवी सिव्हिल असो, स्मीमेर असो की खासगी बालरुग्णालय, रात्री-अपरात्री कोठे जायचे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून आधीच ठरवावे आणि त्यांची चिठ्ठी सदैव जवळ ठेवावी.

काही पालक म्हणतात, "अशा मुलाला उपचार संपेपर्यंत घरीच ठेवावे." आम्हाला हे पटत नाही. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार सहसा दोन ते तीन वर्षे चालतात. इतकी वर्षे मित्रांवाचून, फळ्यावाचून काढणे हीसुद्धा एक शिक्षाच. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर त्याची जागा वर्गात आहे. कर्करोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. उलट धोका आपल्याकडून त्याला आहे. त्याच्यापर्यंत ताप, खोकला, कांजिण्या न नेणे हे आपले काम.

आणि येथेच आमचे विश्वस्त मंडळाकडे मागणे आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनात आपण शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देतो. हेतू चांगला आहे, पण त्या बक्षिसासाठी मुले अंगात ताप घेऊन शाळेत येतात, आणि आम्ही शिक्षकही त्यांचे कौतुक करतो. हे बक्षीस यंदापासून बंद करावे, निदान आजारपणाची रजा हजेरीतून वजा धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच कार्यालयात एक चांगला थर्मामीटर आणि अशा मुलांच्या पालकांचे दोन-दोन फोन नंबर असावेत. पालकांना विचारल्याशिवाय तापाची गोळी कोणालाही देऊ नये.

पालकांनाही एक नम्र विनंती. आपल्या मुलाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर लपवू नका, त्याच दिवशी शाळेला कळवा. वर्गातील आजारी मुलाला त्या आजारापासून वाचवणारे उपचार असतात, पण ते थोड्याच दिवसांत द्यावे लागतात. आणि आपल्या मुलांच्या लसी वेळेवर पूर्ण करा. केमो चालू असलेल्या मुलाला गोवराची लस देता येत नाही. तुमच्या मुलाने घेतलेली लसच त्याचे रक्षण करते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बाकावरचा मित्र "अंग गरम लागतंय" म्हणाला, तर तास संपण्याची वाट पाहू नका. हात वर करा आणि आम्हाला सांगा. त्या दिवशी शिकवणे अर्धवट राहिले तरी चालेल.