मेणाला वळण लावणारं रसायन

कच्चं तेल भरलेली काचेची नळी आडवी धरायची आणि पाच सेकंद मोजायची. दर 3 अंशांनी तेल थंड करत हे करत राहायचं. ज्या तापमानाला पृष्ठभाग जराही हलत नाही, त्याच्या 3 अंश वर त्या तेलाचा पोअर पॉइंट. मुंबई हायच्या तेलाचा तो 30 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी मुंबईतसुद्धा हे तेल नळीत थिजून बसेल. आणि 1978 पासून ते समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून उरणला येतं आहे, भोवती त्या 30 अंशांहून थंड पाणी असताना.

तेल निवू लागलं की त्यातलं पॅराफिन मेण पातळ पापुद्र्यांसारख्या स्फटिकांच्या रूपानं बाहेर पडतं. पापुद्रे एकमेकांत गुंततात, त्यांची जाळी उभी राहते आणि पातळ राहिलेलं तेलही तिच्यात अडकतं. शेकडा दोन-तीन भाग मेण सुटलं तरी एवढं पुरतं.

यावर एथिलीन आणि व्हिनाइल अॅसिटेटच्या बहुवारिकासारखी रसायनं घालतात, तीही दहा लाख भागांत काही शे भाग. त्यांच्या साखळीचा काही भाग मेणासारखाच असल्यानं ती स्फटिकात शिरते. पण तिच्यावरचे अॅसिटेटचे गट पुढचा थर सरळ बसू देत नाहीत. पापुद्र्यांऐवजी बारीक गुठळ्या होतात. मेण होतं तेवढंच राहतं, त्याची घडण तेवढी बदलते. म्हणून याला ‘मेणनाशक’ म्हणू नये. भिंतीवर थोडा थर धरतोच आणि तो खरवडायला नळातून पिग नावाचं साधन सोडावं लागतं.

वेळही सांभाळावी लागते. पहिला स्फटिक धरण्याआधी, तेल गरम असतानाच रसायन मिसळायला हवं. थिजलेल्या तेलावर ते ओतून काही होत नाही. बाडमेरच्या मंगला क्षेत्राचं तेल तर इतकं मेणट, की गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची अख्खी पाइपलाइनच तापती ठेवावी लागते.

माझा आग्रह खरेदीबद्दल आहे. एका तेलाला लागू पडलेलं रसायन दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, कारण मेणाच्या साखळ्यांची लांबी वेगळी असते. तेच तेल आधी किती तापवलं होतं, यानंही पोअर पॉइंट बदलतो. शिवाय विहिरी जुन्या झाल्या की तेल कमी येतं, संथ वाहतं, जास्त निवतं. दहा वर्षांपूर्वीचा डोस आज पुरेलच असं नाही. अशा वस्तूची निवड लिटरच्या दरावर करणं मला चुकीचं वाटतं. त्या त्या लाइनमधलं ताजं तेल घेऊन, दर बदलत्या मिश्रणागणिक चाचणी व्हावी. मुंबई हाय चालवणाऱ्या ओएनजीसीची पनवेलला तेल उत्पादनाच्या तंत्रज्ञानाची स्वतःची संस्था आहे. हे काम घरचंच आहे. आणि चाचणीत नुसता पोअर पॉइंट पाहून थांबू नये. पंप बंद पडून लाइन दिवसभर निवत राहिली, तर ते तेल पुन्हा हलवायला किती दाब लागेल, हा आकडा निविदेत दराच्या आधी मागावा.