आधी पाय तपासा, मग पट्टी बांधा

पायावरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा रुग्ण मलम बदलतो, दवाखाना बदलतो, हळद-चुनाही लावून पाहतो. जखम का भरत नाही, हे मात्र त्याला क्वचितच कोणी सांगते. आचारी, वाहतूक पोलीस, बसवाहक अशा दिवसभर उभ्याने राबणाऱ्यांच्या घोट्याजवळची जखम बहुधा शिरांच्या बिघाडातून आलेली असते. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त हृदयाकडे नीट परतत नाही, पायातच साचते. घोट्याभोवतीची कातडी काळवंडते, कडक होते आणि साधा ओरखडाही चिघळतो. अशा जखमेचा मुख्य उपचार म्हणजे दाब. घोट्यापाशी सर्वांत जास्त आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा, पट्टीने दिलेला दाब. ही पट्टी बांधते ती परिचारिका. त्यामुळे तिला काय शिकवले जाते, यावर रुग्णाचा पाय अवलंबून असतो.

प्रश्न केवळ पट्टी बांधण्याचा नाही. वरून सारखी दिसणारी जखम निरनिराळ्या कारणांनी होते. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील, तर हाच दाब उरलासुरला रक्तपुरवठा तोडतो आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात तळव्याची संवेदना गेलेली असेल, तर त्या जागेवरचा शरीराचा भार काढल्याशिवाय जखम भरत नाही. हा फरक ओळखण्याची चाचणी अवघड नाही. हातात मावणाऱ्या डॉपलर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे. उत्तर ०.८ पेक्षा कमी आले तर पूर्ण दाबाची पट्टी बांधायची नाही, ०.५ च्याही खाली गेले तर रुग्णाला तातडीने रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हाच आकडा फसवा, वाढीव येऊ शकतो. हे ज्या परिचारिकेला ठाऊक आहे, ती नुसत्या आकड्यावर विसंबत नाही. पायाचा रंग, उष्णता, नाडी पाहते.

आपल्याकडे जीएनएम या नर्सिंग पदविकेचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा ४ वर्षांचा आहे. निर्जंतुक मलमपट्टी तिथे काटेकोरपणे शिकवली जाते, आणि ती शिकवायलाच हवी. पण डॉपलर हातात घेऊन मोजमाप करणे, पट्टीचा ताण किती ठेवायचा याचा पुन्हा पुन्हा सराव करणे, हे किती विद्यार्थिनींच्या वाट्याला येते? नोकरी लागल्यावर वॉर्डाच्या धबडग्यात ते शिकणे आणखी अवघड. एक दिवसाची कार्यशाळा आणि हाती पडलेले प्रमाणपत्र यांवर भागवणे पुरेसे नाही. हे हाताचे कौशल्य आहे. सराव सुटला की तेही सुटते.

प्रशिक्षित परिचारिका काय करू शकतात, हे लंडनने दाखवून दिले आहे. तिथल्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९८० च्या दशकात चार थरांच्या पट्टीची पद्धत विकसित झाली. रिव्हरसाइड भागातल्या सामुदायिक दवाखान्यांत परिचारिकांनी ती वापरली. १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १२ आठवड्यांत बऱ्या होणाऱ्या जखमांचे प्रमाण पूर्वी २२ टक्के होते, ते दोनतृतीयांशांच्या आसपास पोहोचले. या यशामागे कोणतेही नवे औषध नव्हते. योग्य तपासणी, योग्य दाब आणि तो देणारे शिकलेले हात, एवढेच होते.

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पायाच्या जखमांची तपासणी हा सक्तीचा प्रात्यक्षिक भाग हवा आणि त्याची परीक्षा रुग्णाच्या पायावर काम करवून घ्यावी. सेवेतल्या परिचारिकांची ही कौशल्ये ठरावीक काळाने पुन्हा तपासावीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डॉपलर, दाबाच्या पट्ट्या आणि जखमांसाठी खास प्रशिक्षित परिचारिका असावी. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला निदान धोक्याच्या खुणा ओळखून रुग्ण पुढे पाठवता यायला हवा. आणि परिचारिकेने केलेली नोंद डॉक्टरांनी वाचावी, तिच्या सूचनेवर निर्णय घ्यावा. अधिकाराविना दिलेले प्रशिक्षण वाया जाते.

मनुष्यबळ आधीच अपुरे असताना हा भार कशाला, असे विचारले जाईल. पण न भरणाऱ्या एकाच जखमेची पट्टी वर्षभर बदलत राहण्यात जास्त हात आणि जास्त पैसा खर्च होतो. शिवाय त्या काळात रुग्णाची मजुरी बुडते. दुर्गंधीमुळे तो चारचौघांत बसणे टाळतो, आणि ते कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिकांचा गौरव होतो. सरकारने आणि नर्सिंग परिषदेने यापुढे त्यांना पुष्पगुच्छासोबत डॉपलर यंत्र, सरावासाठी वेळ आणि निर्णयाचा अधिकारही द्यावा. बरे होऊ शकणारे पाय केवळ अपुऱ्या शिक्षणामुळे कापावे लागणे हा अन्याय आहे, आणि तो थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.