खासदाराचे काम : दिल्लीत किती, जिल्ह्यात किती?

संसदेचे अधिवेशन संपले की खासदार आपापल्या मतदारसंघात परततात आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या कामाचा अहवाल जनतेसमोर येतो. या अहवालाचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिल्या भागात दिल्लीतील कामकाजाची, म्हणजे विचारलेले प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि मंत्र्यांच्या भेटी यांची नोंद असते. दुसऱ्या भागात जिल्ह्यातील कामे येतात. रस्ते, समाजमंदिरे, बसथांबे, कूपनलिका, शाळांच्या खोल्या अशी ही यादी छायाचित्रांसह दिलेली असते. मतदारांचे लक्ष साहजिकच दुसऱ्या भागाकडे अधिक जाते. कोनशिला डोळ्यांना दिसते, संसदेतील भाषण दिसत नाही.

जिल्ह्यातील कामांच्या मागे प्रामुख्याने खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना असते. 23 डिसेंबर 1993 रोजी या योजनेची घोषणा झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराला 5 लाख रुपये मिळाले. 1994-95 मध्ये ही रक्कम 1 कोटी, 1998-99 मध्ये 2 कोटी आणि 2011-12 पासून 5 कोटी रुपये करण्यात आली. लोकसभेच्या सदस्याने आपल्या मतदारसंघातील, राज्यसभेच्या निर्वाचित सदस्याने आपल्या राज्यातील कामे सुचवायची आणि जिल्हा प्रशासनाने ती मंजूर करून पूर्ण करायची, अशी तिची रचना आहे. निधीपैकी किमान 15 टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि 7.5 टक्के रक्कम अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी खर्च करणे अपेक्षित असते.

या योजनेवर आक्षेपही कमी घेतले गेले नाहीत. कायदे करणाऱ्याने आणि सरकारला जाब विचारणाऱ्यानेच कामांची निवड करावी हे तत्त्वाला धरून नाही, असे मत राज्यघटनेच्या कार्यपद्धतीचा आढावा घेणाऱ्या न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने 2002 मध्ये आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 मध्ये मांडले होते. दोन्ही आयोगांनी योजना बंद करण्याची शिफारस केली. मात्र खासदार केवळ शिफारस करतो, अंमलबजावणी प्रशासन करते, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये योजना वैध ठरवली. करोना साथीच्या काळात एप्रिल 2020 मध्ये ती स्थगित झाली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली.

तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी हिशेबाचा प्रश्न उरतोच. 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे 97 कोटी नोंदणीकृत मतदार होते आणि जागा 543. म्हणजे एका खासदारामागे सरासरी पावणेअठरा लाखांहून अधिक मतदार. 5 कोटी रुपये त्यांच्यात विभागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण 28 रुपये येतात. एखाद्या वस्तीची पाण्याची सोय किंवा शाळेची खोली या रकमेतून होऊ शकते, आणि त्या वस्तीसाठी ते काम मोलाचेच असते. परंतु जिल्ह्याचा कायापालट या निधीतून होईल ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या सांसद आदर्श ग्राम योजनेत तर स्वतंत्र निधीच नव्हता. खासदाराने गाव निवडून अन्य योजनांचा मेळ तेथे घालावा, अशी कल्पना होती. पुढील टप्प्यांत तिला मिळणारा प्रतिसाद घटत गेला.

जिल्ह्याचे मोठे प्रश्न वेगळेच असतात. रेल्वेमार्ग, सिंचन प्रकल्पाची मंजुरी, पीक विम्याचे निकष, शेतमालाच्या आयात-निर्यातीचे धोरण, या सर्वांचे निर्णय दिल्लीत होतात. या दृष्टीने कोकण रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. राजापूर मतदारसंघाचे बॅरिस्टर नाथ पै यांनी कोकणच्या रेल्वेचा आग्रह संसदेत धरला. त्यांच्या निधनानंतर 1971 पासून त्याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या प्रा. मधु दंडवते यांनी तो पुढे नेला. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. 1998 च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. त्या काळाचा बराचसा भाग खासदारांच्या हाती स्थानिक विकास निधी नव्हता. त्यांचे साधन होते ते संसदेतील प्रश्न, भाषण आणि चिकाटी.

तामिळनाडूचे राज्यसभा सदस्य तिरुची शिवा यांचे उदाहरणही असेच आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचे त्यांचे अशासकीय विधेयक राज्यसभेने एप्रिल 2015 मध्ये मंजूर केले. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही, तरी 2019 मध्ये सरकारला या विषयावर स्वतःचा कायदा आणावा लागला. अशासकीय विधेयकाचे कायद्यात रूपांतर 1970 नंतर झालेले नाही, हे ध्यानात घेता या प्रयत्नाचे मोल अधिक ठरते.

अडचण अशी की, हे काम करण्याची संधीच आकुंचित होत आहे. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी 135 दिवस भरत असे. सतराव्या लोकसभेत, म्हणजे 2019 ते 2024 या काळात, ही सरासरी 55 दिवसांवर आली. पूर्ण मुदत लाभलेल्या लोकसभांमध्ये हा नीचांक होता. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयके समित्यांकडे पाठवली गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण 16 टक्के होते. मार्च 2023 मध्ये मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांतील 146 सदस्य निलंबित झाले आणि त्यांचे प्रश्नही कामकाजातून वगळण्यात आले. गोंधळाला विरोधक जबाबदार की सरकार, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु वगळलेला प्रश्न हा अखेर कोणत्या तरी जिल्ह्याचा प्रश्न असतो.

सभागृहाचे दिवस घटले की खासदाराचे लक्ष जिल्ह्यातील कामांकडे वळणे स्वाभाविक आहे. तेथेही निधीपेक्षा देखरेखीचे काम अधिक महत्त्वाचे ठरू शकते. 2016 पासून प्रत्येक जिल्ह्यात 'दिशा' ही जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती आहे. लोकसभेचा सदस्य तिचा अध्यक्ष असतो आणि तिमाहीत किमान एक बैठक अपेक्षित असते. ग्रामीण रस्ते, घरकुले, पेयजल यांसारख्या केंद्रीय योजनांचा आढावा घेण्याचा अधिकार तिला आहे. त्यांवरील खर्च खासदार निधीच्या अनेक पटींनी मोठा असतो. या बैठकीत उघड झालेली त्रुटी संसदेत प्रश्नाच्या रूपाने मांडली गेली, तर दिल्ली आणि जिल्हा ही दोन कामे वेगळी राहत नाहीत.

दोन्ही सभागृहांतील प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. खासदार निधीतील कामांची माहितीही 2023 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर 'ई-साक्षी' प्रणालीवर नोंदवली जाते. कार्य अहवाल हाती आल्यावर किती कोनशिला बसल्या एवढेच न पाहता, जिल्ह्याचा कोणता प्रश्न दिल्लीत मांडला गेला आणि त्याला काय उत्तर मिळाले, हेही मतदारांनी विचारावयास हवे. खासदार जिल्ह्यात काय बांधतो याची गणती सहज होते. तो जिल्ह्याच्या वतीने दिल्लीत काय मागतो, याची गणती होईपर्यंत संसदेचे दिवस घटल्याची खंत मतदारसंघात कोणाला वाटणार नाही.