बटणे पाठ झाली. संगणक समजला काय?

पेठ वडगाव – 'मायक्रोसॉफ्ट' कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणक प्रणालीसाठीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. मोठ्या शहरांतील मोठ्या कार्यालयांत अशा बदलांची काळजी वाहणारा स्वतंत्र विभाग असतो. हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात तो नसतो. झेरॉक्सचे दुकान, कर सल्लागाराची खोली, छोटी पतसंस्था किंवा मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला घरचा संगणक, या सर्वांचा भरवसा असतो तो दुरुस्तीच्या दुकानावर. दुकानदाराने 'नवीन विंडोज टाकून देतो' म्हटले की टाकून घ्यायचे आणि 'मशीनच बदला' म्हटले की पैसे मोजायचे, हीच रीत. या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला आहे. गेल्या पाव शतकात महाराष्ट्राने लाखो लोकांना संगणक शिकविला खरा. पण तो त्यांना समजला काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे या ऊसपट्ट्यातील माणसाला सांगणे खरे तर अवघड नाही. साखर कारखान्याचा शेती विभाग स्वतः ऊस गाळत नाही. परंतु नोंद कोणाची, तोड कोणाला, कोणती गाडी काट्यावर आधी, हे तोच ठरवितो. संगणकातही पत्र टंकलिखित करणारा प्रोग्राम वेगळा आणि हिशेबाचा वेगळा. त्यांना स्मरणशक्ती, जागा, छपाईयंत्र आणि परवानगी वाटून देणारी व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. हा विभाग ओळखीचा असला की इमारतीचा रंग बदलल्याने सभासद गोंधळत नाही. आपल्याकडील प्रशिक्षणात मात्र बहुधा रंगच पाठ करून घेतला गेला.

वारणेचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेठ वडगावपासून जवळच असलेल्या वारणानगर परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पंतप्रधानांच्या माहिती-तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने आणि वारणेच्या सहकारी संस्थांच्या सहभागाने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा तो मनोदय होता. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, शासकीय माहिती गावातच मिळावी, ही कल्पना त्या काळात देशभर वाखाणली गेली.

प्रत्यक्षात गावोगावचे संगणक प्रामुख्याने ऊसनोंदणी, वजन आणि बिलांच्या माहितीपुरतेच वापरले गेले. संगणकासमोर बसे तो केंद्रचालक. शेतकरी पलीकडे उभा राहून विचारीत असे. पुढे 'मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया'च्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशातून तीच माहिती देण्यात आली. ती व्यवस्था स्वस्त ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचीही वाटली. संगणक गावात पोहोचला म्हणजे संगणकज्ञान घरात पोहोचले असे होत नाही, हा वारणेचा पहिला धडा. साधन गरजेला साजेसे असेल तर सामान्य माणूस ते झटकन आत्मसात करतो, हा दुसरा.

प्रमाणपत्राची पाव शतकी

याच सुमारास, २००१ मध्ये, महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने कारकून, शिक्षक, ग्रामसेवक अशा अनेकांनी चाळिशी-पन्नाशीत प्रथमच माऊस हाती धरला. मुदतीत प्रमाणपत्र न मिळविणाऱ्यांच्या वेतनवाढीचा प्रश्नही निर्माण झाला. या अभ्यासक्रमाचे श्रेय नाकारता येणार नाही. संगणकाची भीती मोडण्याचे मोठे काम त्याने केले. मात्र परीक्षा आणि वेतनवाढ यांची सांगड बसली की शिकणाऱ्याचे लक्ष समजून घेण्यापेक्षा उत्तीर्ण होण्याकडे लागते. 'स्टार्टवर जा, तिसऱ्या ओळीवर क्लिक करा' अशा पायऱ्या वहीत उतरवून घेतल्या गेल्या आणि तेच ज्ञान मानले गेले.

पायऱ्या मात्र टिकत नाहीत. २००१ च्या 'एक्सपी'वर शिकलेल्यांसमोर २००७ मध्ये 'व्हिस्टा' आणि २००९ मध्ये 'विंडोज ७' आली. २०१२ च्या 'विंडोज ८' मधून तर स्टार्टचे बटणच नाहीसे झाले आणि जगभरातून ओरड झाल्यावर पुढच्याच वर्षी ते परत आणावे लागले. २०२१ च्या 'विंडोज ११' मध्ये ते डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी सरकले. वीस वर्षांत पडद्याचा चेहरा इतका बदलला. पण फाईल, फोल्डर, परवानगी, अद्ययावतीकरण, संकेतशब्द आणि राखीव प्रत या कल्पना जवळपास तशाच राहिल्या. ज्याने कल्पना शिकल्या त्याला नवा पडदा चार दिवसांत सरावाचा होतो. ज्याने जागा पाठ केल्या तो दर वेळी नव्याने निरक्षर होतो.

अज्ञानाची किंमत

ही किंमत केवळ गैरसोयीची नाही. 'विंडोज १०' चेच उदाहरण घेता येईल. त्या संगणकाच्या मालकासमोर पर्याय एकच नव्हता. प्रोसेसर पुरेसा नवा असेल आणि त्यात सुरक्षेची ठराविक चिप असेल, तर 'विंडोज ११' विनामूल्य घेता येत होती. यंत्र जुने असेल तर घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्तीची सोय जाहीर केली होती. तिसरा मार्ग लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा. आपल्या संगणकात काय आहे हे 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन पाहता येते, एवढे ज्याला ठाऊक नाही त्याला मात्र चालते यंत्र भंगारात काढण्याचा सल्लाही खरा वाटतो.

दुसरी किंमत सुरक्षेची. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ती बसवून न घेतलेले संगणक प्रामुख्याने बळी पडले. 'अपडेट आले की नंतर म्हणा' ही कार्यालयाकार्यालयांतून एकमेकांना शिकविली जाणारी युक्ती किती महागात पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

तिसरी किंमत थेट खिशाची. आपला पडदा दुसऱ्याच्या ताब्यात देणाऱ्या अॅपच्या साह्याने होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. अशा फसवणुकीत चोर कुलूप फोडत नाही. मालकच परवानगीच्या चौकटीवर 'अलाऊ' दाबतो. ती चौकट काय विचारते आहे हे वाचण्याची सवय लागलेलीच नसते, कारण शिकताना 'येस, नेक्स्ट, फिनिश' हाच मंत्र घोकलेला असतो.

यात भाषेचाही वाटा आहे. विंडोज आणि अँड्रॉईड या दोन्ही प्रणाली मराठीत वापरता येतात. तरीही बहुतेक पडदे इंग्रजीच राहतात. शिकवणी इंग्रजी पडद्यावर होते, दुकानदार इंग्रजीच प्रणाली बसवून देतो आणि मराठी अनुवादातील काही शब्द इतके अवजड असतात की इंग्रजी परवडले असे वाटावे. परिणामी सूचना समोर असते. पण ती सूचना म्हणून पोहोचतच नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सामान्य माणसाने हे सारे शिकायचेच कशाला? सातबारा, वीजबिल, बँक, सारे काही आता मोबाइलवर होते. वारणेचा प्रयोगही तेच सांगतो. परंतु मोबाइलमध्येही ऑपरेटिंग सिस्टिमच असते. तीही परवानगी मागते, अद्ययावत होऊ पाहते, छायाचित्रे कोठे ठेवायची ते ठरविते. संगणकावर जे समजले नाही ते मोबाइलवर आपोआप समजत नाही; तेथे ते केवळ अधिक वेगाने घडते.

प्रणाली बदलली म्हणजे प्रश्न सुटेल, असेही नाही. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली रुजविली, ती आधी शिक्षकांना तयार करून. 'सी-डॅक'ने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली आणली. पण सर्वसामान्यांच्या घरात ती पोहोचली नाही. नवी प्रणाली जुन्याच पद्धतीने घोकायला लावली तर फक्त पाठांतराचा मजकूर बदलतो.

खरी गरज आहे ती अभ्यासक्रमाचा क्रम उलटा करण्याची. आपली फाईल नेमकी कोठे साठते, तिची दुसरी प्रत कोठे आहे, कोणत्या अॅपला कोणती परवानगी दिली आहे, दुरुस्ती बसली की नाही हे कोठे पाहायचे आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवायचे, या पाच गोष्टी मराठीत आणि दोन वेगवेगळ्या पडद्यांवर शिकविल्या, तर सहाव्या गोष्टीसाठी शिक्षकाची गरज फारशी भासणार नाही. वाचनालय, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ अशा ठिकाणी हे काम होऊ शकते. त्यासाठी नव्या प्रमाणपत्राची गरज नाही.

'विंडोज १०' गेली; उद्या 'विंडोज ११' ही जाईल. काट्यावर उभ्या असलेल्या ऊसउत्पादकाला वजन वाचता येते, म्हणून त्याला फसविणे कठीण जाते. संगणकाच्या पडद्यावरील सूचनाही त्याच सहजतेने वाचता आली पाहिजे.