वेढ्यातील रात्र : एका न खेळलेल्या खेळाविषयी

आपल्या मराठी विभागांतून नाट्याचा अभ्यास म्हणजे छापील संहितेचा अभ्यास, असे समीकरण रूढ झाले आहे. दशावतारी नाटकात आख्यान आणि पात्रे आधी ठरतात. संवाद मात्र नट रंगमंचावर उभा राहिल्यावर सुचतात. तमाशातील बतावणीही पुष्कळशी अशीच घडते. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत या प्रकारांना आपण जागा दिली. परंतु तसे रचून पाहण्याचा अनुभव विद्यार्थ्याला कधी दिला नाही.

हा अनुभव वर्गात आणण्याचे एक साधन बाहेरून आलेले आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात चारपाच जण टेबलाभोवती बसून एकेक पात्र स्वीकारतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील हे खेळाडू सांगतात आणि निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. या खेळाची मुळे युद्धखेळांत असली, तरी त्याचे अंतरंग कथनाचेच आहे.

पदव्युत्तर वर्गात असा एक खेळ सूत्रधार होऊन चालवावा, अशी प्रस्तुत लेखकाची अनेक वर्षांची इच्छा आहे. स्थळ दाराशीच आहे : अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, भुईकोट किल्ला. काळ १५९६ च्या आरंभीचा. शाहजादा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांचा वेढा पडला आहे. मोगलांना बोलावणारा मियाँ मंजू आता पस्तावला आहे. सुरुंगाने तटाला खिंडार पडले असून चांदबिबीला ते रातोरात बुजवावयाचे आहे. तिची भूमिका कोणालाच देऊ नये. ती सूत्रधाराकडे राहावी. खेळाडूंनी व्हावे गवंडी, हबशी शिपाई, फारसीनवीस कारकून, दाणागोटा सांभाळणारी बाई. ऐतिहासिक कादंबरीत ज्यांच्या वाट्याला एखादे वाक्य येते, त्यांना येथे निर्णय घ्यावा लागेल. ही माणसे परस्परांशी कोणत्या मराठीत, कोणत्या दखनीत बोलत असतील, हा प्रश्नही मग टाळता येणार नाही.

इतिहासाचा असा खेळ करणे कितपत उचित, असा आक्षेप येईल व तो गंभीर आहे. फाशांवर घटना बदलू लागल्या, तर विद्यार्थी पुराव्याची शिस्त विसरेल. म्हणून प्रमाणित घटना अबाधित ठेवाव्यात. खुला राहावा तो माणसांचा आपसांतील व्यवहार.

खेळाचे सत्र मात्र एकच नसावे. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला आणि नगर वाचले. १६०० च्या दुसऱ्या वेढ्यात चांदबिबीने पुन्हा वाटाघाटींचा विचार केला, तेव्हा फितुरीचा आरोप ठेवून तिच्याच पक्षाच्या लोकांनी तिला ठार केले. पहिल्या सत्रात ज्याने तहाची बाजू मांडली, त्यालाच दुसऱ्या सत्रात ‘फितुरी’ म्हणून ओरडणारा शिपाई करावे. शोकात्मिकेची व्याख्या आपण दरवर्षी सांगतो. या दोन सत्रांनंतर ती सांगण्याची गरज कदाचित उरणार नाही.

परीक्षेत या खेळाला गुण नाहीत, म्हणून तो दरवर्षी पुढे ढकलला जातो. हे कारण शिक्षक म्हणून आपणास शोभणारे नाही.