फिरायला बंदी, बादलीला परवानगी

घरात हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा पेशंट असला की आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "तू बस, काही करू नकोस." यामागे माया असते हे मान्य. पण पल्मनरी हायपरटेन्शनच्या बाबतीत ही माया पेशंटलाच महागात पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. या वीकेंडला त्याबद्दलच लिहितोय.

आधी आजार काय ते थोडक्यात. नावात हायपरटेन्शन असल्यामुळे बऱ्याच जणांना हे नेहमीचं बीपीच वाटतं. तसं नाहीये. हृदयाच्या उजव्या बाजूने रक्त फुफ्फुसात जातं, आणि त्या रक्तवाहिन्यांमधला दाब इथे वाढलेला असतो. निरोगी माणसात हा सरासरी दाब साधारण १४ असतो. २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनुसार तो २० च्या वर गेला की या आजारात धरतात. दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी तेव्हा अगदी नॉर्मलही असू शकतं! इकोमध्ये शंका येते, पण पक्कं निदान हृदयात बारीक नळी घालून दाब मोजला की होतं.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर हृदयाची उजवी बाजू म्हणजे कमी लोडसाठी बनवलेला पंप. आपण चालायला लागलो की निरोगी फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, जास्तीचं रक्त सहज वाहतं. या पेशंटमध्ये त्या कडक आणि अरुंद झालेल्या असतात. मग जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, कधीकधी माणूस बेशुद्धही पडतो. हे एकदा पाहिलेलं घर पेशंटला खुर्चीतून उठू देत नाही, यात नवल काय? एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे.

मग मत बदललं कशाने? २००६ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी ३० पेशंटवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना औषधांच्या जोडीला १५ आठवडे हलका व्यायाम दिला. पहिले ३ आठवडे हॉस्पिटलमध्ये, पुढचे १२ घरी. शेवटी सगळ्यांना ६ मिनिटं चालायला लावलं, तर दोन गटांत सरासरी १११ मीटरचा फरक पडला. पुढे २०२१ मध्ये युरोपातल्या १० देशांमधल्या ११ केंद्रांचा मोठा अभ्यास आला. त्यात वाढ कमी, म्हणजे सुमारे ३४ मीटर दिसली. पण व्यायाम नीट देखरेखीखाली केला तर सुरक्षित आहे, हे तिथेही दिसलं. २०२२ च्या सूचनांमध्ये तर औषधं चालू असलेल्या पेशंटसाठी देखरेखीखालच्या व्यायामाची ठाम शिफारस आहे.

यात जादू काही नाही. व्यायामाने त्या रक्तवाहिन्या बऱ्या होत नाहीत, आणि गोळ्याही बंद करता येत नाहीत. पण नुसतं बसून राहिलं की पायांचे स्नायू झिजतात, मग तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो, म्हणून माणूस आणखी बसतो. स्नायू सुधारले तर तेच काम कमी रक्तात होतं आणि हृदयावरचा ताण थोडा हलका होतो. सर्व्हर वाचवायचा म्हणून आपण सगळा ट्रॅफिक बंद करतो का? मर्यादा ठरवतो आणि नजर ठेवतो. इथेही तेच.

आता सावेडीत या. माझी आत्या इथे राहते. तिला हा आजार आहे, औषधं चालू आहेत, तब्येत स्थिर आहे. घरच्यांनी तिचं संध्याकाळचं फिरणं बंद करून टाकलं. पण नळाला पाणी आलं की बादल्या कोण उचलतं? आत्याच. वाकून फरशी पुसणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, ओल्या चादरी पिळणं हेही तिच्याकडेच. कारण तो काही व्यायाम नाही ना, ते "घरातलं थोडंफार"! आत्या म्हणते, "अरे, बादली उचलली तर कोणी बघत नाही, चप्पल घातली की सगळे ओरडतात."

गंमत वाटेल, पण प्रकार उलटा आहे. जड वजन उचलताना आपण नकळत श्वास रोखून धरतो. छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि या पेशंटला नेमकी तिथेच चक्कर येऊ शकते. म्हणजे जे टाळायला हवं ते बिनबोभाट चालू, आणि सपाट रस्त्यावर हळूहळू चालणं मात्र बंद. श्वास कोंडून धरायचे प्राणायामाचे प्रकारही याच कारणाने टाळलेले बरे, मग शेजारच्या काकांना त्यांचा कितीही गुण आलेला असो.

"मग पुण्याला एखाद्या केंद्रात जावं की," असं कोणी म्हणेल. हिशोब करून बघा. नगर-पुणे साधारण १२० किलोमीटर. आठवड्यातून ३ वेळा, ८ आठवडे, म्हणजे २४ फेऱ्या आणि जाऊन-येऊन ५,७६० किलोमीटर! धाप लागणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे थट्टाच. म्हणून सावेडीसारख्या ठिकाणी घर हेच केंद्र करावं लागेल.

पण घरी म्हणजे मनाने नव्हे. सुरुवात डॉक्टरांच्या तपासणीनेच. औषधं बसलेली हवीत. नुकतीच शुद्ध हरपली असेल, पायावर सूज वाढत असेल तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर. ६ मिनिटांच्या चालण्याची चाचणी करून किती चालायचं, नाडी आणि ऑक्सिजन कुठे आला की थांबायचं, हे आकडे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून कागदावर लिहून घ्यावेत. औषधाचा डोस लिहून घेतो तसे.

बाकी साधं आहे. जागा सपाट हवी. गच्चीवर फेऱ्या मारायच्या तर आधी जिना चढावा लागतो, आणि जिना हाच सगळ्यात अवघड व्यायाम! त्यापेक्षा पोर्च किंवा घरासमोरची गल्ली बरी. वेळ उन्हाची नको. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग जास्त झाला. थोडं चालायचं, थोडं थांबायचं, आणि एकदम ब्रेक न लावता हळूहळू थांबायचं. चक्कर, छातीत दुखणं किंवा ओठ निळे पडणं दिसलं की लगेच बंद करून डॉक्टरांना कळवायचं. पहिले काही दिवस तरी सोबत कोणी असावं.

यात आपल्यासारख्या पुण्या-बंगळूरात बसलेल्या मंडळींचं काम काय? महागडं घड्याळ पाठवून मोकळं होणं नक्कीच नाही. त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत पाणी भरायला आणि फरशी पुसायला बाई लावा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. आणि रोज ठरलेल्या वेळी फोन करून फेऱ्या आणि ऑक्सिजन किती ते विचारा, वहीत लिहायला लावा. डॉक्टरांना पुढच्या भेटीत ती वहीच दाखवता येते.

धोका शून्य होणार नाही, हे मलाही कळतं. पण खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे धोका टाळणं नव्हे. तिथे माणूस रोज थोडा थोडा कमी होत जातो, फक्त आवाज होत नाही. त्यामुळे फोनवर "तू आराम कर" म्हणण्यापेक्षा आत्याला हे दोन प्रश्न विचारलेले बरे: आज किती फेऱ्या झाल्या? आणि बादली कोणी उचलली?