उसवलेली लोकर

मार्गशीर्षाचा गारठा पडूं लागला कीं घरोघर ट्रंका उघडल्या जातात, आणि आमच्याकडे विणकामाविषयींचीं पत्रें येऊं लागतात. यंदां बहुतेक भगिनींचा प्रश्न एकच आहे. घरांत कोणा वडीलधाऱ्या बाईच्या हातचा स्वेटर असतो. त्याचीं कोपरें विरलेलीं असतात. तो अंगांत घालवत नाहीं आणि बोहारणीस देववतही नाहीं. अशा स्वेटराचें काय करावें?

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस गेल्या हिवाळ्यांत प्राप्त झाला. आणि तो सुखासुखीं झाला नाहीं.

आमच्या मातोश्रींनीं विणलेला एक गर्द हिरवा स्वेटर आमच्या घरीं होता. १९६२ सालीं चीनशीं युद्ध झालें त्या हिवाळ्यांत देशभर स्त्रियांनीं जवानांसाठीं स्वेटर व मोजे विणले. त्या वेळीं मातोश्रींच्या हाताला जी घट्ट वीण लागली ती जन्मभर सुटली नाहीं. "वारा आंत शिरतां कामा नये," एवढेंच त्या म्हणत. हा स्वेटर पुढें त्यांनीं वडिलांसाठीं विणला. दोघेंही गेलीं, स्वेटर राहिला. ट्रंकेंतल्या डांबराच्या गोळ्या केव्हां विरून गेल्या तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, आणि कसरीनें दोन्ही कोपरें व पुढची एक बाजू खाल्ली.

तो उसवून भाचीच्या सात वर्षांच्या मुलासाठीं पुन्हां विणावा असें आम्हीं ठरविलें. ताईला तें रुचलें नाहीं. "आईचा हात आहे तो. उसवलास म्हणजे राहिलें काय? नुसती लोकर!" हें म्हणणें आम्हांस खोडून काढतां आलें नाहीं. असाच ठेवला तर पुढच्या वर्षीं लोकरही राहणार नाहीं, इतकेंच आम्ही म्हणालों. दोन दिवस ताई आमच्याशीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती स्वतःच कात्री घेऊन आली. कारण शिवणी सोडविण्याचें काम आम्ही धसमुसळेपणानें करूं याविषयीं तिची खात्री होती.

मागावरचें कापड आणि सुयांवरची वीण यांत मूळचाच भेद आहे. मागावर उभ्या ताण्यांतून आडवा बाणा जातो. तें कापड कापलें कीं हातीं तुकडेच येतात. सुयांवर मात्र एकच धागा फांसामागून फांसा घेत अखेरपर्यंत जातो. अखेरचा फांसा सोडला कीं सारी वीण आल्या वाटेनें परत निघते. म्हणून उसवतांना प्रारंभ खालच्या पट्टीकडून करूं नये. तेथें धागा पदोपदीं अडतो. विणणारीनें जेथें टाके बंद केले असतील तेथूनच धागा ओढावा. तत्पूर्वीं बाजूंच्या व बाह्यांच्या शिवणी चांगल्या उजेडांत सोडवाव्या. शिवणीचा म्हणून विणीचाच टाका कापला गेला कीं ओळीओळीला धागा तुटतो.

पाठ उसवीत निम्म्यावर आलों तोंच ताई थबकली. तेथून पुढचा धागा किंचित् फिकट व बारीक होता, आणि दर चार-पांच हातांवर गांठ होती. नव्या लडींत इतक्या गांठी नसतात. म्हणजे ही लोकर पूर्वींही एकदां उसवलेलीच होती! ताईचा शाळेचा हिरवा स्वेटर अखूड झाल्यावर कोठें गेला, हें तिनें कधीं विचारलें नव्हतें. तो इतकीं वर्षें वडिलांच्या पाठीवर होता. पुढची सारी पाठ तिनें एकटीनें उसवली; आम्हांला गुंडासुद्धां धरूं दिला नाहीं.

उसवलेला धागा कुरळा असतो. तसाच विणला तर वीण खडबडीत होते. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करावी, लडीला चार ठिकाणीं सैल दोरे बांधावे, आणि रिठ्याच्या कोमट पाण्यांत ती नुसती बुडवून ठेवावी. चोळूं नये, चोळलेली लोकर आळते. मग पाणी हलकेंच दाबून काढून लडी सावलींत टांगावी व खालीं एखादें हलकें वजन अडकवावें. हें सर्व खऱ्या लोकरीविषयीं झालें. हल्लीं लोकर म्हणून जें विकलें जातें त्यांतलें पुष्कळसें ॲक्रिलिक असतें. धाग्याचें टोंक जाळून पाहावें: लोकर जळलेल्या केसासारखी वास मारते व तिची राख बोटांनीं चुरते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. त्याला कसर लागत नाहीं, हा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे.

मातोश्रींच्या वहींत सात वर्षांच्या मुलाचें माप लिहिलेलें होतें: छाती २६ इंच, सुया १० नंबर, पाठीस ९१ टाके. आम्हीं डोळे मिटून ९१ टाके घातले. तीन इंच विणून झाल्यावर पट्टी लावली तों पाठ १३ इंचांच्या ऐवजीं १५ इंचांहून रुंद! लोकर तीच, सुया त्यांच्याच. परंतु त्यांच्या हातीं इंचाला सात टाके बसत, आमच्या हातीं सहाच बसतात. मुलाच्या छातीवर चार इंचांचा घोळ आला असता. तें सर्व उसवून आम्हीं ७८ टाके घातले. आधीं चार बोटांचा चौकोनी नमुना विणून टाके मोजावे, हें आम्ही याच पानांतून कितीदां सांगितलें असेल!

जातां जातां सुयांच्या नंबरांविषयीं. आपल्याकडे जुनी इंग्रजी पद्धत चालते. नंबर वाढेल तशी सुई बारीक. आपली १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची असते. अमेरिकेंत याच्या उलट. तिकडची १० नंबरची सुई सहा मिलिमीटरची. हल्लीं मुली मोबाइलवर तिकडचे नमुने पाहून इकडच्या सुया घेतात, आणि आपलें विणकाम असें आंखडलें कां, याचें नवल करीत बसतात. नंबर सोडून मिलिमीटर पाहावे.

कसरीनें खाल्लेल्या भागांतून वीत-दोन विती लांबीचे पुष्कळ तुकडे निघाले. थोडे आम्हीं जोडून घेतले: दोन्ही टोंकांचा पीळ सोडवावा, तीं एकमेकांत घालावीं व ओल्या तळहातांत जोरानें चोळावीं, खरी लोकर एकजीव होते व गांठ लागत नाहीं. उरलेल्या तुकड्यांसाठीं तसबिरीची एक जुनी चौकट काढली, वरच्या व खालच्या पट्टीवर पाव पाव इंचावर बारीक खिळे ठोकले आणि जाड सुती दोऱ्याचा ताणा चढविला. ज्यांनीं माग कधीं पाहिला नाहीं त्यांनींही हा उद्योग करून पाहावा. नवशिका हात बाणा ओढून घेतो आणि कांठ आंत येतात. म्हणून धागा सरळ न घालतां कमानीसारखा सैल घालावा व मग कंगव्यानें खालीं ठोकावा. असें एक लहानसें आसन झालें. लोकर सोंवळ्यांत चालते. परंतु ताणा सुती असतां हें आसन चालेल काय, या वादांत आम्ही पडत नाहीं. ताईनें तें देवापुढें टाकलें आहे.

स्वेटराची पाठ, पोट आणि एक बाही झाली आहे. दुसरी बाही आपण विणणार असें ताई म्हणते. तिचा हात आईवर गेला आहे. इंचाला बरोबर सात. टाके तुझ्या हिशेबानें घातलेस तरी दोन बाह्यांची वीण सारखी दिसणार नाहीं, असें आम्हीं तिला समजावून सांगितलें. तिनें ऐकून घेतलें, आणि सुया आमच्या हातांतून काढून घेतल्या.